सातबारा आणि पगार : रिटर्न कोणी भरावे?

"शेतीला आयकर नाही, मग रिटर्नात कशाला दाखवायची?" सांगोल्याचा डाळिंबवाला असो की पंढरपूरचा द्राक्षवाला, पारावर हेच ऐकू येतं. कर नाही, हे खरं. पण नावावर सातबारा आणि हाती ग्रामसेवकाचा पगार असेल, तर शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांवर गेले की २०२५-२६ या आकारणी वर्षाचा सोपा 'आयटीआर-१' अर्ज चालत नाही. पगार करमुक्त मर्यादेपलीकडे असेल, तर कराचा हिशेब करताना शेतीची रक्कमही धरतात.

नुसता पगार आणि ठेवीचे व्याज असेल, तर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर फुकटात स्वतः भरा. जोडीला दूध किंवा कोंबड्या असतील तर सीए गाठा. ते उत्पन्न कायद्याने शेतीचे धरत नाहीत. आधीच भरून आलेल्या माहितीपलीकडे संगणकात आपण घालू तेवढंच जातं. जाणता सीए न सांगितलेलंही विचारून घेतो. कांद्याची पट्टी, खताची पावती मात्र जपून ठेवा. रिटर्न कोणीही भरो, नोटीस आपल्याच नावावर येते.