एकच मजकूर, दोन वाचनं

ऑफिसच्या चॅटमध्ये शब्दाच्या आगेमागे दोन-दोन तारका टाकल्या की शब्द ठळक होतो आणि ओळींच्या सुरुवातीला डॅश दिले की यादी तयार होते. ही लेखनपद्धत म्हणजे मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी आरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने ती २००४ मध्ये आणली. वेबसाठी लिहिणाऱ्याला एचटीएमएलचे टॅग हाताने लिहीत बसावं लागू नये, हा हेतू होता. तिच्यात एक सढळ मुभाही होती : मार्कडाउनमध्ये जे जमत नाही ते सरळ एचटीएमएलमध्ये लिहा, ते जसंच्या तसं पुढे जाईल. स्वतःच्या साइटवर स्वतः लिहिणाऱ्यासाठी ही मुभा रास्तच होती. चॅटमध्ये मात्र लिहिणारा एक असतो, वाचणारा दुसरा, आणि मजकूर उघडतो तो वाचणाऱ्याच्या यंत्रावर, त्याच्या लॉगिनचे सगळे अधिकार चालू असताना. तरीही चिन्हांचं देखण्या मजकुरात रूपांतर करण्याच्या या कामाकडे, म्हणजे रेंडरिंगकडे, सजावट म्हणूनच पाहिलं जातं. एक लायब्ररी बसवली की काम झालं, असा समज असतो. प्रत्यक्षात ती सुरक्षेची सीमा आहे आणि तिच्यावर कायम पहारा लागतो. तिथल्या गंभीर त्रुटी उलगडून पाहिल्या तर बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते : एकच मजकूर दोन प्रोग्रॅम वाचतात आणि दोघांना त्यातून वेगवेगळा अर्थ लागतो.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मार्कडाउनचं नाही, पण धडा तोच आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या साइटवर सॅमी कामकार या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये थोडा कोड दडवला. ते पान जो उघडेल त्याच्या खात्यातून कामकारला मैत्रीची विनंती जाई आणि तोच कोड पाहणाऱ्याच्या प्रोफाइलमध्येही उतरे. वीस तासांच्या आत ही लागण दहा लाखांवर खात्यांना झाली. मायस्पेसने काळजी घेतलीच नव्हती असं नाही. ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द दिसला की तिथला फिल्टर तो काढून टाकत असे. कामकारने त्या शब्दाच्या मधोमध ओळ तोडली. फिल्टरला ते दोन निरर्थक तुकडे दिसले, तर काही ब्राउझरांनी तोडलेली ओळ दुर्लक्षून पूर्ण शब्द वाचला आणि आज्ञा पाळली. पहारेकरी आणि मालक यांची वाचनं जुळली नाहीत, आणि त्या फटीतून चोर आत आला.

यावर नेहमीचं उत्तर असतं, की आता चांगल्या तयार लायब्ररी आहेत, त्या वापराव्यात. जरूर वापराव्यात, पण त्या काय करतात आणि काय करत नाहीत हे माहीत असायला हवं. मार्क्ड ही जावास्क्रिप्टमधली लोकप्रिय मार्कडाउन लायब्ररी. तिच्यात घातक एचटीएमएल काढून टाकण्याचा एक पर्याय होता. २०१९ मध्ये तो वापरू नका असं तिच्या सांभाळकर्त्यांनीच जाहीर केलं, आणि सफाईसाठी डीओएमप्युरिफायसारखं वेगळं साधन घ्यायला सुचवलं. डीओएमप्युरिफाय हे बर्लिनच्या क्युअर५३ या सुरक्षा कंपनीचं काम, या क्षेत्रात उत्तम मानलेलं. तरीही २०१९ आणि २०२० मध्ये त्यालाही चकवे सापडले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. साधन एचटीएमएल वाचतं, वाईट भाग काढतं आणि उरलेलं पुन्हा मजकूर म्हणून लिहून देतं. ब्राउझर तो मजकूर नव्याने वाचतो. एचटीएमएलचे नियम इतके किचकट आहेत, की पहिल्या वाचनात निरुपद्रवी ठरलेला तुकडा दुसऱ्या वाचनात भलत्याच जागी बसतो आणि चालू होतो. या त्रुटी लगेच दुरुस्त झाल्या. पण ज्या टीमने लायब्ररी बसवून तिची आवृत्ती वर्षानुवर्षं बदललीच नाही, तिच्यापर्यंत ती दुरुस्ती पोचलीच नाही.

मग सगळी सजावटच काढून साधा मजकूर का ठेवू नये, असाही प्रश्न येतो. त्याला २०१८ च्या मे महिन्यात सिग्नलच्या डेस्कटॉप ॲपने नकळत उत्तर दिलं. सुरक्षेसाठीच नावाजलेल्या त्या ॲपमध्ये तेव्हा ठळक-तिरपं काहीही करता येत नव्हतं. पण मजकुरातला वेबपत्ता ओळखून तो क्लिक करता यावा एवढी सोय होती, आणि त्या पत्त्यात दडवलेलं एचटीएमएल समोरच्याच्या खिडकीत जिवंत होत होतं. ते बुजवलं आणि काही दिवसांतच तसाच दोष दुसऱ्या जागी निघाला : एखाद्या संदेशाला उत्तर देताना वर जो मूळ मजकूर उद्धृत होतो, त्या चौकटीत. संदेश तोच, पण मुख्य खिडकीत तो एका मार्गाने जायचा आणि उद्धरणात दुसऱ्या. साधेपणाने सुरक्षितता येते ती मजकूर खरोखर एकाच मार्गाने जात असेल तरच. शिवाय टीम चॅटमध्ये लोक कोड, लॉग आणि तक्ते चिकटवत असतात. सोय दिली नाही तर ते ती फाइली आणि स्क्रीनशॉट पाठवून भागवतील, आणि तो मार्ग तपासणं आणखी अवघड.

एकच वाचन हे तत्त्व प्रत्यक्षात आणायला किती मेहनत लागते, ते झुलिप या मुक्तस्रोत टीम चॅटच्या रचनेत दिसतं. तिथे मार्कडाउनचा अधिकृत अर्थ सर्व्हर लावतो, पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमने. मूळ मजकूर आणि तयार रूप दोन्ही साठवली जातात. पण आपण पाठवलेला संदेश क्षणात दिसावा ही अपेक्षा असते, म्हणून ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचा दुसरा वाचकही ठेवावा लागतो. दोघांची मतं फाटू नयेत यासाठी चाचण्यांचा एकच संच दोघांना लावतात, आणि जी रचना ब्राउझरला झेपणार नाही तिच्याबाबत तो स्वतः अर्थ न लावता सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहतो. ही दक्षता का हवी, हे देवनागरीने लगेच पटतं. मजकुरात शब्द शोधणाऱ्या जावास्क्रिप्टच्या साध्या पॅटर्नमध्ये शब्दातलं अक्षर म्हणजे रोमन अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. पायथनचा तोच पॅटर्न मराठी अक्षरं मानतो, पण काना-मात्रा मानत नाही. ‘@सुनीता’ या उल्लेखातलं नाव एकाला दिसणारच नाही, तर दुसऱ्याला त्याचे तुकडे दिसतील.

मराठीत लिहिणाऱ्याला असा आणखी एक अनुभव येऊ शकतो. मार्कडाउनच्या बोलीभेदांना आवर घालायला २०१४ मध्ये कॉमनमार्क हे प्रमाण पुढे आलं. त्यात तारकांची जोडी कुठे उघडते आणि कुठे मिटते याचे नेमके नियम आहेत. त्यांनुसार ‘मुंबईत’मधल्या फक्त मुंबईभोवती तारका टाकल्या तर मुंबई ठळक होते. पण ‘श्यामची आई’मध्ये असं लिहिताना अवतरणचिन्हांसकट नावाभोवती तारका टाकल्या तर मिटणाऱ्या तारकांच्या आधी अवतरणचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर येतं, म्हणून तारका मिटतच नाहीत आणि तशाच पडद्यावर उरतात. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणाऱ्या भाषा डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा नियम शब्दाला चिकटणाऱ्या प्रत्ययांशी आणि शब्दयोगी अव्ययांशी अडखळतो. यात धोका काही नाही, पण रेंडरिंग सांभाळण्याच्या कामात हेही येतं. कारण धोका टाळण्याचे काही उपाय थेट भाषेवर उठतात. अदृश्य अक्षरं वापरून मजकुराचा दिसणारा क्रम बदलता येतो आणि वाचणाऱ्याला फसवता येतं, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं. म्हणून अदृश्य ते सगळं काढा, असा सल्ला सहज सुचतो. पण जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘दऱ्या’मधला र अशाच एका अदृश्य जोडचिन्हावर उभा असतो. ते काढलं की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या, म्हणजे समुद्र, होतो. हवी ती अक्षरं पारखून ठेवणं कष्टाचं आहे, पण सरसकट कात्री चालवणं हा उपाय नव्हे.

वाचनाला किती वेळ लागतो, हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली. कारण होतं एका मजकुरातल्या एका ओळीतल्या सुमारे २० हजार सलग मोकळ्या जागा. कडेच्या रिकाम्या जागा कापणारा एक निरुपद्रवी दिसणारा पॅटर्न प्रत्येक जागेपासून पुन्हा नव्याने मोजणी करत राहिला आणि तुलनांची संख्या २० कोटींच्या घरात गेली. मार्क्डमध्येही याच जातीचे दोष २०२२ च्या सुरुवातीला दुरुस्त करावे लागले. झुलिपमध्ये म्हणूनच एका संदेशाच्या रेंडरिंगला पाच सेकंदांची मर्यादा आहे.

आमच्या चॅटमध्ये सगळे आपलेच सहकारी, मग एवढा संशय कशाला, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. पण टीम चॅटमधला मजकूर सहकारीच लिहितात असं नाही. ग्राहकाची तक्रार, सर्व्हरचा लॉग, कोडमधल्या बदलाची नोंद हे सगळं बॉटमार्फत तिथे येऊन पडतं, आणि त्यातला शब्द न् शब्द परक्याने लिहिलेला असू शकतो. आता तर या मजकुराला आणखी एक वाचक मिळाला आहे : एआय सहायक. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट सहायकातली एकोलीक नावाची त्रुटी उघड झाली. बाहेरून आलेल्या ईमेलमधल्या सूचना पाळून सहायक गोपनीय माहिती एका चित्राच्या पत्त्यात गुंफत असे, आणि ते चित्र दाखवण्यासाठी आणायला गेलं की माहिती आपोआप बाहेर जाई. बाहेरचे दुवे अडवणारा फिल्टर तिथे होता. पण दुव्याचा पत्ता वेगळ्या ओळीत लिहिण्याची मार्कडाउनची पद्धत त्याला ओळखता आली नाही. ही पद्धत ग्रुबर यांच्या मूळ मार्कडाउनमध्येच आहे.

यावरून रेंडरिंग सांभाळणाऱ्यांचं धोरण ठरतं. मजकूर एकदाच वाचावा. त्यातून ठळक, यादी, दुवा, कोड असे मोजके ओळखीचे घटक काढावेत आणि पडदा थेट त्या घटकांतून रचावा, म्हणजे पुन्हा वाचायला एचटीएमएल उरणारच नाही. दुवे ठरावीक प्रकारचेच चालू द्यावेत. बाहेरची चित्रं आपल्याच सर्व्हरमार्फत आणावीत. सापडलेला प्रत्येक दोष चाचणी बनून कायमचा संचात राहावा. यात न बसणारी नवी सोय कितीही मागणी असली तरी नाकारावी लागेल. एखादं रंगीत अक्षर किंवा आपोआप हलणारं चित्र मिळालं नाही म्हणून वापरणारे कुरकुरतील. पण प्रत्येक सोय मजकुराला आणखी एक अर्थ देते, आणि तो अर्थ सर्व्हर, ब्राउझर, मोबाइल ॲप आणि एआय सहायक या सगळ्यांना सारखाच लागतो का, हे दर नव्या आवृत्तीबरोबर कोणाला तरी तपासावं लागतं. तो तपासणारा माणूस आणि त्याचा वेळ ज्या टीमकडे नाही, तिने ती सोय न देणंच प्रामाणिकपणाचं आहे.