नाहोर : लोखंडाचे झाड

आमच्या हाऊसपासून मेसकडे जाणाऱ्या रस्त्याला नाहोरची सहा झाडे आहेत. साताऱ्याहून आसामात आलो त्या वर्षी मी त्यांच्याकडे लक्षही दिले नव्हते. मग एके सकाळी पीटीला जाताना पाहिले, तर सगळ्या फांद्यांना तांबडीलाल पालवी लोंबत होती. ही पालवी पुढे हिरवी होते, पानाची खालची बाजू मात्र पांढुरकी राहते. पानगळीत झाड उघडे पडत नाही. सावली इतकी दाट, की दुपारच्या फॉलइनला सगळे हळूहळू त्याच बाजूला सरकतात!

बिहूच्या सुमारास फुले येतात. चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्याजर्द केसरांचा झुबका. वास मंद, पण लांबूनही कळतो. हे केसर म्हणजेच नागकेशर, आणि मराठीत याच झाडाला नागचाफा म्हणतात. हे कळल्यावर मी केसर वाळवून मे महिन्याच्या सुट्टीत घरी नेले. आई म्हणाली, "अरे, आपल्या मसाल्यातलं नागकेशर असं नसतं." तिने डबा उघडला. आत लवंगेसारखे, देठ असलेले काळे दाणे होते! परत आल्यावर बायॉलॉजीच्या सरांनी उलगडा केला. बाजारात दालचिनीच्या कुळातल्या झाडांची वाळलेली कोवळी फळेही याच नावाने विकतात. मसाल्यात ते चालून जाते, औषधात चालणार नाही.

शास्त्रीय नाव मेसुआ फेरिया. 'फेरिया' म्हणजे लोखंडी. मला ती अतिशयोक्ती वाटली. वादळात एक फांदी मोडली, तेव्हा माझ्या आसामी मित्राने पैज लावली, की हे लाकूड पाण्यात बुडेल. तुकडा टाकीत टाकला आणि तो सरळ तळाशी गेला. माझी रविवारची खीर त्याला द्यावी लागली.

याच कणखरपणामुळे हे लाकूड रेल्वेच्या स्लीपरसाठी वापरले गेले. झाड वाढते मात्र फार सावकाश, त्यामुळे तोडलेल्याची भरपाई लवकर होत नाही. श्रीलंकेने १९८६ साली याला राष्ट्रीय वृक्ष ठरवले. तिकडे नाव एकाक्षरी, 'ना'. बियांत तेल भरपूर असते. पूर्वी त्यावर दिवे जळत.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी हाऊसमागे दहा बिया पेरल्या. तीन उगवल्या. एक वीतभर झाली आहे. तिला फूल येईल तेव्हा आम्ही दोघेही इथे नसू. म्हणून पाणी घालायचे काम सातवीतल्या एका कॅडेटला आत्तापासूनच शिकवतो आहोत.