ई-मेल आल्याची खूण मनगटावर

पूर्वी नोकरीचा कॉल पोस्टाने यायचा. पोस्टमन वस्तीत शिरला की चार घरची माणसे दारात येत. पत्र चुकून शेजारी पडले, तरी शेजारी आठवणीने आणून देत. आता मुलाखतीचे बोलावणे, नेमणुकीचे पत्र, कॉलेज प्रवेशाची तारीख, शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी, बहुतेक सारे ई-मेलने येते. हा पोस्टमन घंटी वाजवीत नाही. मुदत उलटून गेल्यावर पत्र वाचले, तर त्याचा उपयोग काय?

मुळशी तालुक्याचेच पाहा. पूर्वेच्या टोकाला हिंजवडी, माण परिसरात राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. तेथे संगणकापुढे बसणाऱ्याला मेल आल्याबरोबर दिसतो. पण त्याच इमारतींत सफाई करणाऱ्या भगिनी, फाटकावरचे पहारेकरी, कॅन्टीनमधली मुले, गाड्या चालविणारे चालक यांचे काय? पिरंगुटच्या कारखान्यांत यंत्राच्या खडखडाटात उभे राहणाऱ्यांचे काय? त्यांचा फोन पिशवीत किंवा खिशात. यांतले कित्येक तरुण नोकरी सांभाळून पदवीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्यांना एकच साधी गोष्ट हवी असते, महत्त्वाचा मेल आला की कोणीतरी हळूच टिचकी मारावी. ही टिचकी मारणारी मनगटी पट्टी आज बाजारात मिळते. तिची माहिती घेऊ या.

पेजरपासून पट्टीपर्यंत

ही कल्पना नवी नाही. आपल्याकडे १९९५ च्या सुमारास पेजर आले. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची ती छोटी डबी अनेकांना आठवत असेल. निरोप देणाऱ्याने केंद्रावर फोन करून मजकूर सांगायचा, तो डबीच्या पडद्यावर उमटायचा. उत्तर द्यायचे तर पीसीओ गाठावा लागे. पुढे मोबाईल स्वस्त झाला, एसएमएस आला आणि पेजर मागे पडला. १९९९ साली कॅनडातील एका कंपनीने पेजरसारख्याच डबीवर ई-मेल आणला, तेच ब्लॅकबेरीचे पहिले यंत्र. २०१२ मध्ये पेबल नावाच्या साध्या घड्याळासाठी लोकांनी आगाऊ वर्गणी देऊन एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. २०१४ साली चीनच्या शाओमी कंपनीची मी बँड ही पट्टी आली. तिला पडदाच नव्हता, तीन बारीक दिवे आणि थरथर एवढेच. आज हजार-दीड हजार रुपयांपासून पडदा असलेल्या पट्ट्या व घड्याळे मिळतात.

पट्टी काम कशी करते?

येथे अनेकांची गफलत होते. मेल पट्टीवर येत नाही, तो फोनवरच येतो. फोन ब्लूटूथद्वारे पट्टीला कळवितो आणि पट्टी थरथरते. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर, मध्ये भिंत आली की आणखी कमी. म्हणून ज्यांना कामावर जाताना फोन फाटकावर जमा करावा लागतो, त्यांना ही पट्टी उपयोगाची नाही. ताम्हिणी घाटाकडे जिथे फोनला रेंज नाही, तिथे पट्टीही मुकी. स्वतःचे सिमकार्ड चालणारी घड्याळे असतात, पण ती बरीच महाग पडतात.

घेताना काय पाहाल?

पहिली गोष्ट, थरथर जोरकस हवी. दुकानातच हातावर बांधून पाहावी. ज्यांना ऐकू कमी येते, त्यांनी तर हे जरूर पाहावे. दुसरी, कोणत्या ॲपची सूचना पट्टीवर यावी हे निवडण्याची सोय असावी. नाहीतर दिवसभर व्हॉट्सॲपचे सुप्रभात मनगट हलवीत राहील आणि कामाचा मेल त्यात बुडून जाईल. तिसरी, एकदा चार्ज केली की निदान आठवडाभर चालावी. चौथी, आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन पाण्याला टिकणारी असावी. पाचवी, मराठी अक्षरे दिसतात का ते तपासावे. काही स्वस्त पट्ट्यांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन उमटतात. पावलांची मोजणी, हृदयाचे ठोके, बदलणारी चित्रे यांसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

खरी किल्ली फोनमध्ये

पट्टी बांधली म्हणजे काम झाले असे नाही. जीमेल वापरीत असाल, तर महत्त्वाच्या पत्त्यांसाठी एक गाळणी करून ठेवावी. कॉलेज, परीक्षा मंडळ, ज्या कंपनीकडे अर्ज केला ती, यांचे पत्ते गाळणीत घालून त्यांना एक वेगळे लेबल द्यावे. तेथेच हे मेल स्पॅममध्ये टाकू नयेत अशी खूणही करता येते. हे काम संगणकावर करावे लागते, एकदाच आणि थोड्याच वेळाचे. मग फोनच्या जीमेल ॲपमध्ये फक्त त्या लेबलची सूचना चालू ठेवावी, बाकीची बंद करावी. आणखी एक. बॅटरी वाचविण्यासाठी अनेक फोन पट्टीचे ॲप गुपचूप झोपवून टाकतात. पट्टी दोन दिवस चालते आणि मग गप्प होते, ही तक्रार बहुधा त्यामुळेच असते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्यावी.

मेल नेमका कोणाकडे जातो?

आता सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ मुला-मुलींचे अर्ज सायबर कॅफेत भरले जातात आणि घाईत ई-मेलच्या रकान्यात कॅफेवाल्याचा किंवा कुणा नातेवाइकाचा पत्ता जातो. महाडीबीटीवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीसाठी परत आला, तर त्याची खबर भलत्याच माणसाला मिळते. अशा वेळी मनगटावर सोन्याचे घड्याळ असले तरी काय उपयोग? म्हणून दहावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा स्वतःचा ई-मेल असावा, त्याचा पासवर्ड पाठ असावा आणि अर्जावर तोच पत्ता जावा. मेल येईलच या भरवशावर न राहता आठवड्यातून एकदा संकेतस्थळावर जाऊन अर्जाची स्थिती पाहावी. शिक्षणासाठी आई-बापाने काढलेले कष्ट एका न वाचलेल्या पत्राने वाया जाऊ नयेत.

काही सावधगिरी

पट्टी खरा मेल आणि खोटा मेल यांत फरक करीत नाही. हिंजवडीतल्या नामांकित कंपनीत नोकरी लागली, आधी अनामत भरा, असा मेल आला तर तो फसवणुकीचाच समजावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पौड रस्त्यावर दुचाकी चालविताना मनगट थरथरले तरी पाहू नये. मेल पाच मिनिटे थांबू शकतो. परीक्षेला जाताना पट्टी घरी काढून ठेवावी, केंद्रात अशा वस्तूंना बंदी असते. आणि अनोळखी कंपनीची पट्टी घेताना विचार करावा. तिचे ॲप बंद पडले की पट्टी निकामी होण्याची भीती असते. २०१६ मध्ये पेबल कंपनीच बंद पडली, तेव्हा तिच्या ग्राहकांना हीच काळजी लागली होती.

ज्यांना पट्टी परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्या एका लेबलला फोनमध्ये वेगळा, मोठा आवाज लावता येतो आणि त्याला एक पैसा लागत नाही. येत्या रविवारी घरातल्या शिकत्या मुलांना जवळ बसवा, त्यांचा ई-मेल उघडायला सांगा आणि स्पॅमचा कप्पाही एकदा पाहून घ्या. एखादे बोलावणे तिथे वाट पाहत पडले असेल.