अंगावरून वारे गेल्यावर

आपल्या भाषेने या दुखण्याला नावे मोठी बोलकी दिली आहेत. वैद्य त्याला 'पक्षाघात' म्हणतात, पुस्तके 'अर्धांगवायू' म्हणतात, जालन्याच्या बाजारात 'लकवा' म्हणतात, आणि खेड्यातली वडीलधारी माणसे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' या साऱ्या नावांत दिसतो तो लुळा पडलेला हात आणि पाय. घाव मात्र तेथे बसलेलाच नसतो. तो बसतो मेंदूवर. मेंदूची एखादी रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते, आणि तिच्या आधारावर चालणारा मेंदूचा भाग उपाशी पडतो. बहुतेकांत कारण गुठळीचेच असते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. हात लुळा दिसतो म्हणून मंडळी हाताला तेल चोळत बसतात. कबुतराचे रक्त लावायला सांगणारे शेजारीही भेटतात. आणि इकडे घड्याळ पुढे सरकत असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दुखणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तेही डोक्याचा सी.टी. स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या गावाहून जालना गाठायलाच तास-दीड तास सहज जातो. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर आणखी साठेक किलोमीटर. म्हणून तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे बोबडे झाले, यांपैकी एक जरी दिसले तरी प्रथम वेळ लिहून ठेवावी आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. 'सकाळी पाहू' हे शब्द त्या घरात कोणी उच्चारू नयेत. घाबरून पाणी पाजण्याचा मोहही आवरावा. गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते पाणी श्वासनलिकेत उतरते.

पण समजा, जीव वाचला आणि रुग्ण घरी आला. घरच्यांची परीक्षा खरी येथून सुरू होते. कालपर्यंत बाजारहाट करणारे, हिशेब तपासणारे गृहस्थ आज कुशीवर वळायलाही दुसऱ्याची वाट पाहतात. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला व्रण पडतात. उठवताना दुबळा हात धरून ओढला तर खांदा निखळू शकतो. आधार पाठीला आणि कमरेला द्यावा. घास भरवताना रुग्ण ताठ बसलेला हवा. रक्तदाबाची गोळी 'आता बरे वाटते' म्हणून बंद करू नये, आणि तंबाखू घरातून कायमची हद्दपार करावी. कारण एकदा आलेला झटका पुन्हा येऊ शकतो.

बोलण्याचे दुःख आणखी वेगळे. पॅरिसच्या ब्रोका या डॉक्टरांनी १८६१ साली एक रुग्ण पाहिला. सारे समजूनही तो जवळजवळ 'तान' एवढेच बोलू शके. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचा डावा पुढचा भाग बिघडलेला आढळला. वाचा जाणे म्हणजे बुद्धी जाणे नव्हे, हे त्यावरून ध्यानी यावे. तरीही पाहुणे रुग्णासमोरच 'आता यांना काही कळत नाही' असे बोलून जातात, आणि त्याला ते अक्षरन् अक्षर कळत असते. अशा माणसाशी लहान वाक्यांत बोलावे, 'हो-नाही'त उत्तर येईल असे विचारावे, आणि उत्तरासाठी थांबावे. त्याचे वाक्य आपण पुरे करण्याची घाई नको.

एक नवल मात्र अनेक घरांत दिसते. मुलीचे नाव न आठवणारा माणूस गणपतीच्या आरतीत सुरात सूर मिसळतो. समर्थ रामदासांचे जांब याच जिल्ह्यातले. इथल्या जुन्या पिढीला मनाचे श्लोक लहानपणापासून पाठ. असे मुरलेले बोल आणि सूर पुष्कळदा शाबूत राहतात. बॉस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली याच अनुभवावरून सुरांच्या आधाराने बोलते करण्याची एक पद्धत मांडली. सर्वांनाच तिचा सारखा गुण येतो असे नाही. पण आरतीच्या वेळी रुग्णाची खुर्ची देवघरापाशी ओढून घेण्यास तज्ज्ञाची परवानगी लागत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. सहा महिने झाले, हात उठला नाही, की घरात कुजबुज सुरू होते: 'सुनेनं व्यायाम नीट करून घेतला नाही.' सून स्वतःही रात्री तेच मनाशी म्हणत असते. तिने एक हकीकत ऐकून ठेवावी. आपल्याच देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली. निम्म्यांच्या नातेवाइकांना घरी व्यायाम करून घेण्याचे रीतसर शिक्षण दिले, निम्म्यांना नेहमीचेच उपचार दिले. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत शेकडा ४७ जण एकतर दगावले होते किंवा परावलंबी होते. काडीचाही फरक नाही!

याचा अर्थ सेवा व्यर्थ असा मुळीच नव्हे. कूस बदलल्याने व्रण टळतात, औषधाने दुसरा झटका टळू शकतो, प्रेमाच्या शब्दाने दिवस सुसह्य होतो. अर्थ इतकाच, की मेंदूला झालेली इजा किती भरून येईल हे घरच्या माणसाच्या कष्टांवरच ठरत नाही. न उठलेला हात हा कोणाच्या सेवेचा निकाल नसतो. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, पुढे हळूहळू. पण ती थांबलीच असे समजून व्यायाम सोडू नये. जमेल तेव्हा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टाचा सल्ला घ्यावा. रुग्ण सतत रडू लागला, जेवण टाकू लागला, तर त्याला हट्टी न म्हणता डॉक्टरांना सांगावे. या दुखण्यानंतर तीनांतल्या सुमारे एकाला खिन्नतेचा विकार जडतो, आणि त्यावर उपचार आहेत.

आणि शुश्रूषा वाटून घ्यावी. पुण्या-मुंबईच्या मुलाने फोनवर सूचना देण्याऐवजी चार दिवसांची रजा घेऊन यावे; भेटीला येणाऱ्याने केळी आणण्याऐवजी दोन तास खाटेपाशी बसावे. अर्धांगवायूच्या घरात सगळे रुग्णाची चौकशी करतात. त्याच्या अर्धांगीचे जेवण झाले का, तिला झोप मिळाली का, हेही कोणीतरी रोज विचारायला हवे.