वेग कुणाचा, वेळ कुणाचा?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं बिनतारी इंटरनेटवर का बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण या विषयाच्या शेवटी न्यायाचा आमचा जुनाच प्रश्न उभा राहतो, म्हणून बोलतो.

गावात एक टॉवर असतो आणि घराघरावर त्याच्याकडे तोंड केलेला एकेक अँटेना. मधे केबल नाही, सगळा मामला रेडिओ लहरींचा. वर्गाच्या पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मास्तर श्रुतलेखन सावकाश सांगतात. पाऊस थांबला की वेग वाढवतात. टॉवरही तेच करतो. प्रत्येक घराचा सिग्नल किती स्वच्छ आहे हे सतत पाहून तो मॉड्युलेशन बदलतो. याला अ‍ॅडॅप्टिव्ह मॉड्युलेशन म्हणतात.

बदलतं काय? लहरीच्या एका ठोक्यात, म्हणजे एका सिम्बॉलमध्ये, किती बिट भरायचे ते. क्यूपीएसकेमध्ये 2, 16-क्वॅममध्ये 4, 64-क्वॅममध्ये 6 आणि 256-क्वॅममध्ये 8. पण वरची पायरी गाठायला सिग्नल गोंगाटाच्या तुलनेत साधारण चौपट, म्हणजे 6 डेसिबलनं, जोरदार लागतो. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे अंतर दुप्पट, की एक पायरी खाली. मधे झाड आलं, तर आणखी खाली.

आता खरी गोम. टॉवरचा वेळ सगळ्यांत वाटलेला असतो. समजा, दोनच घरं आहेत. टॉवरचा सगळा वेळ मिळाला तर जवळच्या घराला 80 एमबीपीएस मिळतील, लांबच्याला 20. दोघांना सारखा वेळ दिला, तर पदरी पडतात 40 आणि 10; एकूण 50. दोघांना सारखा डेटा द्यायचा म्हटलं, तर प्रत्येकी 16. एकूण फक्त 32. कारण तेवढ्यासाठी लांबचं घर टॉवरचा पाचातला चार भाग वेळ खातं. जवळचा माणूस म्हणतो, माझा सिग्नल तर उत्तम, मग नेट मंद का? त्याचा सिग्नल उत्तमच असतो हो, त्याच्या वाट्याला वेळच येत नाही.

मग न्याय्य काय, सारखा वेळ की सारखा डेटा? यंत्र हे ठरवत नाही. ते यंत्र लावणारा माणूस ठरवतो, आणि बहुधा आपल्याला न विचारता.

पण एक वाट दोघांच्याही फायद्याची आहे. लांबच्या घराचा अँटेना उंच करून त्याची क्षमता 20 वरून 40 वर नेली, तर सारख्या डेटाच्या वाटपात दोघांनाही 16 ऐवजी जवळजवळ 27 मिळतात. जवळच्यानं आपल्या घरात काहीही न बदलता!

तेव्हा नेट मंद झालं की स्वतःचा अँटेना बघाच. पण गावाच्या टोकाच्या घरासमोर कुठलं झाड वाढलंय, तेही जरा विचारा.