बिटकॉइनमध्ये भाडे घ्यायचे, तर हिशेब दोनदा

हणजुणे वा मोरजीतील एखाद्या गेस्ट हाऊसच्या मालकाला पाहुणा विचारतो, ‘भाडे बिटकॉइनमध्ये दिले तर चालेल का?’ एखादा जाणकार सल्लाही देतो, ‘घेऊन ठेवा, विकाल तेव्हाच कर.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि लहान व्यावसायिकाला फटका बसतो तो उरलेल्या अर्ध्यामुळे.

आपल्या देशात बिटकॉइन बाळगणे बेकायदेशीर नाही. पण ते अधिकृत चलनही नाही. प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने ती ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ आहे. त्यामुळे भाड्यापोटी बिटकॉइन घेणे म्हणजे बिलापोटी सोन्याची अंगठी घेण्यासारखेच.

समजा, भाडे २०,००० रुपये झाले. बिटकॉइन विकले नसले, तरी त्या दिवशीच्या दराने ही रक्कम व्यवसायाचे उत्पन्न म्हणून वहीत चढते. जीएसटी नोंदणी असल्यास तो करही रुपयांतच भरावा लागतो. हा झाला पहिला हिशेब. दुसरा विक्रीच्या वेळी. दर वाढून २३,००० मिळाले, तर ३,००० रुपयांच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ९३६ रुपये. एरवीच्या उत्पन्नाला कोणताही टप्पा लागू असो, हा दर तोच राहतो. उलट दर घसरून १७,००० हाती आले, तर ३,००० रुपयांचा तोटा भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, दुसऱ्या आभासी चलनाच्या नफ्यातून नाही आणि पुढील वर्षीही नाही. मिळाले १७ हजार, उत्पन्न मोजले जाणार २० हजार!

खरी गोम वेगळीच आहे. १ जुलै २०२२ पासून अशा मालमत्तेच्या व्यवहारावर १ टक्का कर उगमस्थानी कापावा लागतो. पाहुणा भारताचा रहिवासी असेल, तर त्याच्याकडून बिटकॉइन घेणारे तुम्हीच. साहजिकच ही जबाबदारीही तुमची. वैयक्तिक मालकीच्या आणि १ कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यवसायाला वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपर्यंत यातून सूट आहे, इतरांना १०,०००. हंगामात ही मर्यादा दोन-तीन पाहुण्यांतच ओलांडली जाऊ शकते.

‘कार्डाचे शुल्क वाचते’ हा समर्थकांचा मुद्दा परदेशी पाहुण्यापुरता समजण्यासारखा आहे. भारतीय पाहुण्याच्या बाबतीत मात्र त्यात फारसे बळ नाही, कारण बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही.

तरीही घ्यायचेच असेल, तर बिल रुपयांत करावे, त्या वेळचा दर त्यावर लिहावा आणि शक्यतो त्याच दिवशी विकून रुपये खात्यात आणावेत. मग नफा-तोटा नगण्य राहतो. विक्रीसाठी केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेलाच मंच निवडावा. तेथे कापलेला १ टक्का विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.