कोशापासून करवतकाठापर्यंत

सुंदर वस्त्र दृष्टीस पडलें असतां आपण त्याचा पोत व रंग पाहून संतुष्ट होतों. तें विणणाराचा विचार मात्र क्वचितच मनांत येतो. आमच्या गोंदिया-भंडारा भागांतील कोशाची करवतकाठी साडी प्रसिद्ध आहे. तिचा कारागीर कसा घडतो, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कलेचा आरंभ मागावर नव्हे, तर अरण्यांत होतो. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यापासून गोंदिया जिल्हा निराळा झाला. तथापि रान व माग यांचें जुनें नातें त्या सीमेनें तुटलें नाहीं. तुतीचा रेशमी किडा घरांत पोसला जातो. टसराचा किडा मात्र ऐन व अर्जुन या वृक्षांवर उघड्यावरच वाढतो. मासेमारी करणारे ढिवर लोक त्याच्या अळ्या झाडांवर सोडतात आणि पक्षी, मुंग्या इत्यादि शत्रूंपासून त्यांची राखण करितात. अळी चार वेळां कात टाकते, आणि शेवटीं पानांच्या आड कठीण कोश विणून तो देठानें फांदीस टांगते.

हा कोश सोड्याच्या पाण्यांत उकळून मऊ करावा लागतो. मग कांहीं कोशांचे तंतु एकत्र ओढून त्यांचा धागा करितात. पूर्वापार हें काम बायका मांडीवर धागा वळून करीत आल्या आहेत. धागा सारखा निघाला नाहीं, तर पुढें विणकराचें सर्व कौशल्य व्यर्थ होय.

विणकराचें शिक्षण कोष्ट्याच्या घरींच होतें. मूल प्रथम कांड्या भरण्यास शिकतें. नंतर ताणा लावण्यास व तुटलेला धागा जोडण्यास हात लावतें. तो जोडतांना बोटांस जो संयम लागतो, तोच या विद्येचा पहिला धडा होय. मागावर बसण्याची पाळी पुढें येते.

करवतकाठाची खुबी अशी आहे. साडीचें अंग कोशाचें व काठ रंगीत सुताचे असतात. म्हणून अंगास एक व दोन्ही काठांस दोन, असे तीन धोटे लागतात. जेथें अंग व काठ भेटतात, तेथें दोन्ही बाणे एकमेकांत अडकवून परत वळवावे लागतात. हें वळण ओळीओळीस मागेंपुढें सरकविलें म्हणजे करवतीसारखे दांते उमटतात. एखादें वळण चुकलें, तर दांता मोडतो व चूक साडीभर डोळ्यांस खुपते. मोहाडी व आंधळगांव येथील विणकरांनीं हें कसब पिढ्यान्‌पिढ्या जतन केलें आहे.

आतां एका गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. १९४९ सालीं मुंबईस जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनीं बडोद्यास कलाशिक्षण घेऊन नैसर्गिक तंतूंच्या दोरांस गांठी मारून भव्य शिल्पें घडविलीं. त्या २०१५ सालीं निवर्तल्या. २०१९ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें त्यांच्या कृतींचें प्रदर्शन भरविलें. तंतूला कलेचें पद मिळालें, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ज्या कोष्ट्यानें साडीचे हजारों दांते न चुकतां उठविले, त्याचें नांव त्या साडीवर कोठेंच नसतें. करवतकाठी वस्त्रांस भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्यानें प्रदेशाचें नांव राखलें जातें, कारागिराचें नाहीं.

याचा परिणाम केवळ मानापुरता नाहीं. एका साडीस कित्येक दिवस लागतात, आणि यंत्रमागाचें कापड स्वस्त पडतें. तेव्हां मुलानें मागावर बसावें कीं शहराची वाट धरावी, हा प्रश्न कोष्ट्यांच्या घरोघरीं उभा राहतो. तो उठून गेला, तर त्याच्या हातांतील विद्या कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं. ढिवराच्या कोशास गिऱ्हाईक राहणार नाहीं. आणि ऐनाचें झाड जपण्याचें एक कारण नाहींसें होईल. उलट रान तुटलें, तर मागास धागा मिळणार नाहीं. ही सांखळी कोठेंही तुटली तरी सबंध तुटते.

म्हणून वाचकहो, पुन्हां अशी साडी पाहाल तेव्हां तिचा काठ हातीं घ्या, दांते निरखा, आणि विकणारास एवढें अवश्य विचारा: ही कोणी विणली?